बोटभर पाण्याइतकी हवा

बांधकामात मी पहिल्यापासून वजनाच्या बाजूचा माणूस. भिंत हाताने थोपटून पाहायची, भरीव आवाज आला तर पुढे जायचं, पोकळ आला तर मिस्त्रीकडे बघायचं. अर्जुनी मोरगाव आणि आसपासच्या गावांत लहानमोठी कामं घेत माझी उमर गेली. शाळेच्या खोल्या, समाजमंदिरं, घरकुलं, सोसायटीची गोदामं, कुठे एखाद्या बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीचं पिचिंग. या सगळ्यात हवेशी माझा संबंध दोनच ठिकाणी यायचा. एक खिडकीत, तिथे ती हवीच. दुसरा काँक्रीटमध्ये, तिथे ती अजिबात नको. व्हायब्रेटर नीट फिरवला नाही की सेंट्रिंग काढल्यावर स्लॅबखाली हनीकोंब दिसतो आणि मग तो गुपचूप लिंपायची मिस्त्रीची धडपड सुरू होते. त्या हवेने मला जन्मभर मनस्ताप दिला आहे.

त्यामुळे सळई-सिमेंटसारखी हवाही भार पेलते, तिच्यावर छप्पर उभं राहतं, असं कोणी सांगितलं की मला ते शहरातल्या आर्किटेक्टांचं खूळ वाटायचं. दुकानाच्या उद्घाटनाला फुगवून उभी करतात ती कमान, जत्रेत पोरं उड्या मारतात तो मिकी माऊस, यापलीकडे हवेची पायरी नाही, असं मी चारचौघांत बोलूनही दाखवलं आहे. आज मी तसं बोलणार नाही. मत एका झटक्यात फिरलं नाही आणि सगळंच्या सगळं फिरलं असंही नाही. कुठवर फिरलं आणि कुठे अडलं, ते सांगतो.

आमच्या भागात वजनाची भक्ती उगाच आलेली नाही. नवेगावबांधचा तलाव अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळींनी बांधला. डोंगरांमधल्या खिंडी मातीने अडवल्या आणि पाणी थांबवलं. कोहळ्यांनी बांधलेले असे तलाव आणि बोड्या गोंदिया-भंडाऱ्यात गावोगाव आहेत. सरकारी कागदावर त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतात. गाढवी नदीवरचं इटियाडोहचं धरण १९७० सालचं, तेही मातीचंच. पाण्याचं गणित इथे कोणाला शिकवावं लागत नाही: खोली एक मीटर वाढली की दाब चौरस मीटरमागे एक टनाने वाढतो. वीस मीटर पाण्याखाली वीस टन. म्हणून पाळ खाली रुंद, वर अरुंद. दाबाला उत्तर वजनाने द्यायचं, ही इथल्या मातीतली शिकवण. हेच गणित हवेला लावून बघावं, असं मात्र मला कधी सुचलं नाही.

पहिला धक्का तसा किरकोळ होता. पुण्या-मुंबईकडे ज्याला सरसकट सिपोरेक्स म्हणतात तो पांढुरका हलका ब्लॉक आमच्याकडेही येऊ लागला. मूळ शोध स्वीडनमधला, १९२०च्या दशकातला. महाराष्ट्रात तो आणला बी. जी. शिर्के यांनी, पुण्यात स्वीडिश सहकार्याने कारखाना काढून. चुना, सिमेंट आणि वाळूच्या किंवा राखेच्या लगद्यात चिमूटभर ॲल्युमिनियमची पूड टाकतात. तिच्यातून हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात, लगदा फुगतो, मग वाफेच्या दाबाखाली तो पक्का करतात. हायड्रोजन निघून जातो, त्याच्या जागी हवा बसते. आमच्या भट्टीच्या विटेचा घनमीटर अठराशे किलोच्या आसपास भरतो, याचा सहाशेच्या. म्हणजे गिऱ्हाईक विकत घेतं त्यातला बराचसा भाग हवाच. मी नाक मुरडत एका कामावर तो वापरला. भिंतीचं ओझं उतरल्याने खालचा बीम बारीक झाला, सळई वाचली, तेव्हा नाक थोडं सरळ झालं. तरीही मनाला समजावलं की इथे हवा भार कमी करते, भार पेलत नाही. पेलते ती बुडबुड्याभोवतीची भिंत. हे म्हणणं मला आजही बरोबर वाटतं.

दुसरं उदाहरण आमच्या विदर्भातलंच. वर्ध्याला देवेंद्रकुमारांनी १९७६ साली सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस ही संस्था उभी केली. तिथे गुना टाइल्सची छपरं पाहायला मिळतात. कुंभाराने चाकावर काढलेल्या, एका टोकाला निमुळत्या, आतून पोकळ नळ्या. एकीचं तोंड दुसरीच्या बुडात बसवत गेलं की कमान होते, आणि कमानीला कमान लावली की छत. ना लाकूड, ना सळईचं जाळं. आमचा कवेलूही कुंभाराच्या हातचाच, पण तो फाट्यांवर निजतो. ही नळी स्वतःच्या पायावर उभी राहते. पुढे वाचनात आलं की इटलीत राव्हेन्ना इथल्या सहाव्या शतकातल्या सान व्हिताले चर्चचा घुमट अशाच मातीच्या पोकळ नळ्यांचा आहे. दीड हजार वर्षं तो पोकळपणा डोक्यावर घेऊन लोक खाली प्रार्थना करताहेत. भरीव म्हणजेच मजबूत, हे माझं समीकरण इथे खिळखिळं झालं. पण पोकळ नळी वेगळी आणि नुसती हवा वेगळी.

नुसती हवा मी पाहिली ती एका शाळेत. फिरतं तारांगण आलं होतं. काळ्या कापडाचा घुमट, बाजूला एक पंखा, आणि रांगत आत शिरायला कापडाचंच भुयार. एका पालकाला धास्ती होती. "पंखा बंद पडला तं पोरायवर पडन ना जी हे?" मुख्याध्यापकांनी मला बोलावलं, कारण गावात बांधकामातलं कळणारा म्हणून माझंच नाव. मी ऐटीत गेलो. पोरं बाहेर आल्यावर तारांगणवाल्याने माझ्यासमोर मुद्दाम पंखा बंद केला. घुमट कोसळला वगैरे नाही. आधी माथ्याला खळगा पडला, मग सगळं कापड सावकाश बसत गेलं. त्या वेळात आतला वर्ग ओळीने बाहेर काढून वर हजेरी घेता आली असती. शिवाय शिवणींतून हवा सारखी सुटत होती, हाताला लागत होती, आणि तरी तो उभा होता. गळणाऱ्या छपराचं मला आयुष्यभर टेन्शन. इथे गळणं धरूनच हिशेब केलेला.

आतला दाब किती, हे त्याला सांगता येईना. माझ्या गाडीत मिस्त्रीची लेव्हलची नळी होती, दोन खांबांची पातळी मिळवायला पाणी भरून वापरतो ती पारदर्शक नळी. तिचं एक टोक आत सरकवलं, एक बाहेर धरलं. दोन्हीकडच्या पाण्यात जो फरक पडला तो बोटाच्या पेराएवढाही नव्हता. वाटलं, नळीत बुडबुडा अडकलाय. पुन्हा भरून पाहिली. तेवढाच.

त्या रात्री घरी हिशेब मांडला. मोठमोठ्या हवाई घुमटांतला दाबही पंचवीस-तीस मिलिमीटर पाण्याइतकाच असतो. टोकियो डोम हे १९८८ सालचं बेसबॉलचं स्टेडियम घ्या. त्याच्या आत बाहेरच्यापेक्षा ०.३ टक्के दाब जास्त ठेवतात. पंचवीस मिलिमीटर म्हणजे सहा-सात मजली इमारतीच्या गच्चीवरून जमिनीवर उतरल्यावर हवेच्या दाबात पडतो तेवढा फरक. कानालासुद्धा पत्ता लागत नाही. पण चौरस मीटरमागे तो पंचवीस किलो भरतो, आणि वर ताणलेलं पीव्हीसीचं जाड कापड असतं चौरस मीटरला किलोभराच्या आसपास. एक किलो उचलायला पंचवीस किलोचा जोर. तळ्याच्या तळाशी टनांनी मोजायची सवय असलेल्या माणसाला हे आकडे पोरखेळ वाटतात, आणि चूक नेमकी तिथेच होते. छपराला टनांची गरज नसते. आपण छप्पर जड करतो, मग ते पेलायला खांब जड करतो, मग खांबांसाठी पाया जड करतो, आणि शेवटी एकूण वजन बघून आपलीच पाठ थोपटतो.

कापडाचं म्हणाल तर ते आमच्या मंडपवाल्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. झाडीपट्टीत हिवाळाभर रात्ररात्र नाटकं चालतात, वडशाच्या कंपन्या गावोगाव फिरतात, संध्याकाळी मंडप उभा आणि सकाळी मोकळं मैदान. मंडपवाला जाणतो की कापड फक्त ओढ सहन करतं. ढिलं पडलं की फडफडतं, आणि फडफडलं की फाटतं. तो बांबू आणि दोर लावून चार जागी ओढ देतो. हवा तेच काम आतून, प्रत्येक बिंदूवर सारख्या जोराने करते. कुठे वाक नाही, कुठे दाबलं जाणं नाही, सगळीकडे नुसता ताण. म्हणून एवढ्या पातळ पडद्यात शेकडो फूट झाकता येतात. हवा इथे बांबूच्या जागी आहे, हे एकदा ध्यानात आलं की ती पोकळी उरत नाही. मी तिला मनातल्या मनात साहित्याच्या यादीत घातलं ते त्या दिवशी.

आणि वजन कुठे गेलं? ते पायात आलं, पण उलटं होऊन. वीस मीटर रुंद, चाळीस मीटर लांब जागा झाकायची म्हटली तर आठशे चौरस मीटर. पंचवीस किलोने वीस टनांची उचल. म्हणजे धानाचे चाळीस किलोचे पाचशे कट्टे छताला खालून वर ढकलताहेत. पाया इथे छप्पर पेलत नाही, छप्पर उडू नये म्हणून त्याला धरून ठेवतो. सभोवार दीड फूट रुंद आणि दीड फूट खोल काँक्रीटचा बीम टाकला तर तो पन्नास-साठ टन भरतो, उचलीच्या जवळजवळ तिप्पट. वाऱ्याचं ओढणं त्यावर वेगळं धरायचं. हा उलटा पाया कागदावर काढताना मला जी मजा आली, ती कित्येक वर्षांत एकाही घरकुलाने दिली नव्हती.

जगात हे सगळं जुनं आहे. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज मोटार-इंजिनियरने १९१७ साली हवेवर उभ्या राहणाऱ्या फिरत्या इस्पितळाचं पेटंट मागितलं होतं. ते उभं राहिलं नाही. मोटारवाल्यालाच हे सुचावं यात नवल नाही, टायरवर गाडी तोलणं त्याचं रोजचंच होतं. १९४८च्या सुमारास अमेरिकेत वॉल्टर बर्डने रडारवर हवेचे घुमट चढवले, कारण रडारच्या लहरींना लोखंड आड येतं, कापड येत नाही. १९७०च्या ओसाकाच्या जागतिक प्रदर्शनात तर हवेच्या बांधकामाच्या दोन तऱ्हा एकत्र पाहायला मिळाल्या. अमेरिकेच्या दालनात मोठं सपाटसं छत आतल्या हवेवर तरंगत होतं. फुजी समूहाच्या दालनात चार-चार मीटर जाडीच्या सोळा फुगवलेल्या नळ्या कमानीसारख्या वाकवलेल्या होत्या, आणि वादळ आलं तर नळ्यांतला दाब वाढवायची सोय होती. इमारत वारा पाहून छाती फुगवते, हे मला फार आवडलं. इटलीच्या दान्ते बिनीने १९६४ साली आणखी पुढची गंमत केली. ओलं काँक्रीट जमिनीवर पसरलं, खालचा पडदा फुगवून ते सगळं घुमटासारखं वर उचललं, आणि घट्ट झाल्यावर हवा सोडून दिली. सेंट्रिंगवाल्यांच्या पोटावर पाय देणारी कल्पना.

अपघातही आहेत. मिनियापोलिसच्या मेट्रोडोमचं हवाई छत डिसेंबर २०१० मध्ये बर्फाच्या ओझ्याने फाटलं आणि बर्फ आत मैदानावर कोसळला. त्याची चित्रफीत जगभर फिरली. हवेची इमारत म्हणजे काय, ते बघा, असं म्हणत लोक ती दाखवतात, मीही दाखवली असती. पण माणूस एकही दगावला नाही.

अपघाताचा विषय निघाला की मला पुन्हा आमची पाळ आठवते. मातीची पाळ नुसत्या वजनावर उभी आहे असं मी समजत आलो, ते अर्धंच खरं होतं. पावसाळ्यात पाणकर आणि गावकरी पाळीवर रात्री फिरायचे. झिरपा कुठे लागला, उंदराने बीळ कुठे केलं, सांडव्यात काय अडकलं, ते बघायचे. हे फिरणं बंद पडलं तिथे तलाव गाळाने आणि फुटीने गेले. काही वर्षांपूर्वी कोकणात एक धरण फुटलं तेव्हा खेकड्यांना जबाबदार धरलं गेलं आणि राज्यभर हसं झालं. पण भोक हा मातीच्या बांधाचा शत्रू, यात हसण्यासारखं काही नाही. पाणी भोक मोठं करत जातं. हवेच्या घुमटात उलट होतं: दाब इतका कमी की लहान भोकातून नुसता वारा सुटतो, पंखा थोडा जास्त चालतो, आणि दुपारी कोणीतरी ठिगळ लावतं. दोन्ही बांधकामांना राखणदार लागतो, त्यातलं चूक जास्त माफ करणारं कोणतं, या प्रश्नाला मी आता घाईने पाळ असं उत्तर देत नाही.

हे सगळं डोक्यात घोळायचं कारण धान. हमीभावाची खरेदी सुरू झाली की आमच्या तालुक्यात केंद्राकेंद्रावर कट्ट्यांच्या थप्प्या लागतात. गोदामं भरतात, उरलेला माल उघड्यावर, वर ताडपत्री. मिलवाल्यांची उचल लांबली की तोच माल उन्हाळ्यापर्यंत तिथेच. मग अवकाळी येतो. ताडपत्रीखाली वाफ धरते, खालचे कट्टे भिजतात, धानाला कोंब फुटतात, आणि तूट कोणाच्या नावावर टाकायची यावर कागद फिरत राहतो. पक्कं गोदाम बांधा, हे माझं जन्माचं उत्तर. ते चुकीचं नाही, पण गरज वर्षातून काही महिन्यांची, कधी या गावात जास्त तर कधी त्या. बाराही महिने उभं राहणारं बांधकाम त्या गरजेला फारसं जुळत नाही. काँक्रीटचा ओटा, भोवती तो जड बीम, आणि हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत वर हवेचं छत. पावसाळ्याआधी माल उचलला जावा, पडदा गुंडाळून ठेवावा, ओट्यावर गावाने लग्नं लावावीत.

लोकांना सांगितलं तेव्हा आक्षेप आले, आणि ते माझ्यापेक्षा पक्के होते. एका जुन्या हमालाने विचारलं, "उंदराले काय समजते जी, हवा कोनती न् धान कोनता?" बरोबर. कापड भोकाने पडणार नाही, पण उंदीर रोज कुरतडणार असेल तर ठिगळं लावायला वेगळा माणूस लागेल. ट्रॅक्टर आत न्यायचा तर दोन दारं हवीत, एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. गर्दीच्या दिवशी रांगेतला शेतकरी ही शिस्त किती वेळ पाळेल? खरेदीत सतरा टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो, तेवढ्या ओल्या धानावर बंद छताखाली दमट हवा फिरवली तर वास मारेल. म्हणजे पंख्याने हवा नुसती कोंडायची नाही, कोरडी असेल तेव्हाच भरपूर बदलायची. आणि मे महिन्यातलं वावधन? टिनाचे पत्रे उडवून शेजारच्या बांधीत टाकतं ते. तेव्हा दाब वाढवावा लागेल, म्हणजे वारा येतोय हे आधी कळावं लागेल.

सगळ्यात मोठा प्रश्न विजेचा. शेतातल्या पंपाच्या तोडीची मोटर पुरेल असा माझा अंदाज, एक चालू आणि एक राखीव. पण शेतीपंपाला पाळीपाळीने वीज मिळणाऱ्या मुलखात चोवीस तास चालणाऱ्या पंख्यावर छप्पर सोपवायचं म्हणजे डिझेल इंजिन आलंच, आणि वीज जाताच ते सुरू करणारा माणूसही आला. कायमच्या राहत्या घराला मी हे कधीच सुचवणार नाही. झोपलेल्या कुटुंबाचं छप्पर झोप न येणाऱ्या मोटरीवर टाकू नये. तिथे मी अजून वजनाच्याच बाजूला आहे, फार तर सिपोरेक्सच्या.

तरीही एका सोसायटीसाठी अंदाजपत्रक करायला घेतलं आहे. ओटा, बीम, अँकर यांचे दर सरकारी दरसूचीत मिळाले. पडदा आणि पंखे यांचं कोटेशन मागवता येईल. गाडी अडली ती रात्री पंख्याजवळ बसणाऱ्या माणसावर. त्याला कुठल्या शीर्षाखाली दाखवायचं? सचिव म्हणतात, चौकीदारात टाका, तसं शीर्ष आहेच. मी म्हणतो, बांधकामात टाका. सळईचा खर्च कोणी चौकीदारात दाखवतं का? त्यांचं म्हणणं, ऑडिटवाला बांधकामात माणूस बघून आक्षेप काढेल. मागच्या बैठकीत यावरच चहा थंड झाला. अंदाजपत्रकात ती ओळ अजून पेन्सिलीतच आहे.